दोन गावांचा दहा नंबर

बोरांच्या टोपलीवर मी वाकले होते. एक बोर उचलून बोटांत दाबून बघत होते, तेवढ्यात ती बोरंवाली म्हणली, "तुमीच का हो त्या अणदूरच्या? दोन गावांत नातू वाटून देणाऱ्या?" बोर हातातच राहिलं. धाराशिवात मला ओळखणारं कुणी नाही आणि ओळखावं अशी माझी हौसही नाही. अणदुरात मी घराबाहेर पडले की पारावर बसलेली माणसं पाय खाली घेतात, एवढं मला पुरतं. तिला म्हणलं, "बोरं किडकी हायती तुजी." ती हसलीच. "किडकी न्हाईत आक्का, चाखून बघा की. माजा पोरगा इथं पाणी मारतो ग्राउंडवर, त्यो म्हणला, आज त्यांचा फैसला हाय. देव वाटत्यात तसा नातू वाटला म्हणं." शेजारची पेरूवाली पुढं झुकली, "कुणी गं रजियाबी? कुणी वाटला?" तर त्या रजियाबीनं हनुवटीनं मला दाखवलं. हनुवटीनं! बोर टोपलीत टाकलं आणि क्रीडा संकुलाच्या पायऱ्यांवर येऊन बसले. पायरी गार. कंबरेत कळ आली ती गारव्यानं आली की त्या हनुवटीनं, कुणास ठाऊक. उभ्या जन्मात मी लोकांच्या भांडणांचे निवाडे केले, बांधाचे केले, सुनांचे केले, आणि कुण्या बाईची हनुवटी माझ्याकडं अशी वळली नव्हती.

अमरसिंह, माझा थोरला, मला तिथं बसवून आत गेला होता. "आई, तू हितं बस. नंबर आला की बोलावतो." दवाखान्यात बसवतात तसं. मी यायलाच नको, असं त्याचं म्हणणं होतं. पण निवाडा माझा, तर जाब विचारायचा तो मला विचारा, मागं राहून पदराआड कोण बसणार? खाली मैदानात पोरं पळत होती, लांबून त्यांच्या बुटांचा आवाज येत होता, आणि कुलदीप, अमरसिंहाचा पोरगा, माझा नातू, ज्याच्यापायी हे सगळं, तो कुंपणाला टेकून एकटाच उभा. अणदूरची माणसं एका झाडाखाली, नळदुर्गची दुसऱ्या झाडाखाली, आणि हा मधे, कुठल्याच सावलीत नाही. ये म्हणून हात केला. बघितलं न बघितल्यासारखं केलं त्यानं. खांदा तेवढा चोळला. डावा खांदा. मुरुम गावच्या सामन्यात निखळलेला.

आता हा खेळ काय आहे ते मला विचारू नका, मला तिसरीपुरतंच अक्षर येतं, पण रग्बी मला येते. म्हणजे बघता येते. पहिल्यांदा कुलदीपनं तो चेंडू घरी आणला तेव्हा बुटाची नाडी बांधायला म्हणून माझ्या मांडीवर ठेवला होता. गोल नाही, लांबट. दोन्हीकडनं निमुळता, उन्हानं गरम झालेला, आणि हात लावला तर आत काहीतरी दम धरून बसल्यासारखा. मला उगीच पहिलटकरणीच्या पोटाची आठवण झाली. मी म्हणलं, ह्याला सरळ टप्पा तरी येतो का रे? तो म्हणला, "येत न्हाय आज्जी, तीच तर मजा हाय." पंधरा इकडं, पंधरा तिकडं. चेंडू घेऊन पुढच्या रेघेपलीकडं जाऊन भुईला टेकवायचा, पण हातानं द्यायचा झाला तर मागच्यालाच द्यायचा, पुढच्याला दिला की शिट्टी. हे मला फार पटलं. पुढं तर सगळ्यांनाच जायचंय, पण मागं कोण आहे ते बघितल्याशिवाय जाता येत नाही, असा खेळ ज्यानं काढला त्याला घर चालवायची अक्कल असणार. मधेच आठ-आठ जण डोक्यात डोकी घालून रेटतात, बैल शिंगं अडकवतात तसे, आणि कुलदीप त्या रेटारेटीच्या मागं उभा, हात पुढं, पाठीवर दहा आकडा. चेंडू पहिला त्याच्याकडं येतो. मग काय करायचं ते त्यानं ठरवायचं. ते मला सगळ्यात जास्त आवडलं. ठरवायचं आमच्या घरातल्यानं.

ह्या वर्षी अणदूरनं स्वतःचा क्लब काढला, विभागीय स्पर्धेत नाव घातलं. दसऱ्याला सुरू होऊन शिमग्याच्या आत संपणारी स्पर्धा. मुरुम, उमरगा, तुळजापूर, परंडा, नळदुर्ग आणि आम्ही. सोयाबीन निघाल्यावर सडकेकडंचा तुकडा मीच मोकळा ठेवायला लावला. अमरसिंह ज्वारी पेरू म्हणत होता, मी म्हणलं एक वर्ष पोरं पेरू. रोलर फिरवला, पाणी मारलं, दोन्ही टोकांना उंच खांब रोवले. खंडोबाच्या भंडाऱ्याचा पिवळा रंग घेतला अंगातल्या कपड्यांना. संध्याकाळी मी रेघेवर खुर्ची टाकून बसायची. कुलदीप चेंडू घेऊन निघाला की बाकीची पोरं त्याच्या दोन्ही अंगांनी पळायची, वरातीत पळतात तशी, आणि तो मधनं सरळ पलीकडं. एकाच्याही हाती लागायचा नाही. मी शेजारणीला म्हणायची, बघ, माझ्या नातवाला धरणारा अजून जन्मायचाय. धुळीत ती पिवळी पाठ लांब लांब जायची आणि मला सासऱ्याची घोडी आठवायची. सासऱ्यानंतर कुणी तिच्यावर बसलं नाही. का आठवायची, माहीत नाही. मग मुरुमला पहिला सामना. पहिल्याच धावेत मुरुमच्या एका आडव्या पोरानं ह्याच्या मांड्यांना मिठी मारली आणि असं आपटलं, की लांबून मला आधी आवाज ऐकू आला आणि मग तो पडलेला दिसला. मी रेघ ओलांडून आत गेले. पंचाला काय काय बोलले ते आता सांगत नाही, पण तो मला बाहेर काढायला आला तेव्हा त्याचा आवाज कापत होता. खांदा बसवून आणला. सामना आम्ही जिंकला, कारण एक हात गळ्यात बांधलेला असतानाही ह्यानं लाथेनं चेंडू खांबांमधनं मारून गुण आणले. पण त्या पडण्याचा आवाज मला आठ दिवस भांडं खाली ठेवलं तरी ऐकू यायचा.

भांडण त्यानंतरचं. नळदुर्गची माणसं आली आमच्या खंडोबाच्या देवळापुढं. कुलदीप कॉलेजला नळदुर्गात, अकरावीपासून खेळला तिकडंच, अक्रमच्या हाताखाली. अक्रम म्हणजे त्यांचा शिकवणारा, आमच्या वेशीकडच्या गफारभाईचा पोरगा. वेशीकडच्या म्हणजे नळदुर्गच्या वेशीकडच्या. माझं माहेर नळदुर्ग. अजून 'आमच्या' येतं तोंडात, काय करणार. त्यांचं म्हणणं, पोरगा आम्ही घडवला, नाव आम्ही आधी घातलंय. आमचं म्हणणं, पोरगा अणदूरचा, रक्त अणदूरचं, नाव आम्हीही घातलंय. माझा धाकटा भाऊ ज्ञानोबा तिकडून आलेला, काठी आपटत म्हणला, "आक्के, रक्तात वाटा आमचाबी हाय." अमरसिंह मामावर धावून गेला. देवाच्या दारात मामा-भाचे एकमेकांच्या गळ्याशी, आणि पायऱ्यांवरची हळद सगळ्यांच्या पायांना. मला असा संताप आला. देव एक, देवळं दोन, आणि बापजाद्यांपासून दोन्ही गावं त्याला नांदवतात. थंडीत देव नळदुर्गाला मुक्कामाला जातो, पौषी पुनवेची जत्रा झाली की परत अणदूरला येतो. न्यायला तिकडचे येतात, आणायला इकडचे जातात, बोली होते, करार होतो, कुणाच्या डोक्यात दगड पडत नाही. मी उभी राहिले आणि म्हणलं, "देव वाटून घेता येतो अन् एक पोरगं येत न्हाय? देव जाईल तसा कुलदीप जाईल. देव हितं तवर हिकडून खेळंल, देव तिकडं गेला की तिकडून." मग ज्ञानोबा हसला, अमरसिंह हसला, कुणीतरी चांगभलं म्हणलं. विडा-नारळ झाला. इतका सरळ निवाडा माझ्या हातून कधी झाला नव्हता. कुलदीप खांबाला टेकून फोन बघत होता. मी त्याला म्हणलं, "कसं?" तो म्हणला, "तुमी म्हणताल तसं, आज्जी." मला ते बरंच वाटलं होतं.

देव गेला, त्याच्याबरोबर हाही गेला. माझ्या भावाच्या घरी राहायचा. सून त्याचे कपडे धुवायला शनिवारी मागवायची, नळदुर्गचे काळे आणि आमचे पिवळे एकाच बादलीत भिजवले तिनं, आणि दोन्ही शेणकुटासारखे होऊन निघाले, मी ओरडले तर म्हणते, "सासूबाई, एकाच पोराचं कपडं हायती, मी काय येगळं येगळं धरू?" तिला काय कळणार. मला मात्र त्या दिवसांत एक वेगळंच व्हायला लागलं. नळदुर्गचा सामना असला की मी जायची, माहेरचं निमित्त. नळदुर्गाची हवा पोटात गेली की माझी चाल बदलते, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, ह्या थंडीत माझं मलाच दिसलं. किल्ल्याच्या बाजूनं येणारा तो ओला, दगडाचा वास. लहानपणी तिथं धुणं घेऊन जायचो. अणदुरात असले की मी म्हणते, आमच्या नळदुर्गाला असलं चालत नाही. नळदुर्गात असले की म्हणते, आमच्या अणदूरला या एकदा, बघा. दोन्हीकडं लोकांना वाटतं ही आपली नाही. दोन्हीकडं बरोबरच वाटतं. मला न्यायलाही माणसं आली होती, बोली झाली होती, विडा-नारळ झाला होता. परत आणायचा करार तेवढा नव्हता. नागपंचमीला चार दिवस. ते जाऊ दे. मी जन्मभर दोन गावांतून खेळले, कुठल्या पंचानं शिट्टी वाजवली नाही, म्हणून मला वाटलं की ह्यात गैर काही नसणार.

आणि मग अणदूर विरुद्ध नळदुर्ग, आमच्याच रानात. मी खुर्ची कुठल्या बाजूला टाकू? दोन्ही बाजूंनी मला बोलवत होते. शेवटी खांबामागं टाकली, जिथून काही धड दिसत नाही. कुलदीप काळ्या कपड्यांत, आमच्या पोरांच्या अंगावर धावून येत होता, आणि आमची पोरं सवयीनं बाजूला होत होती. एकदा नाही, दोनदा नाही. तो आला की ह्यांची पावलं आपोआप वाट द्यायची. अमरसिंह रेघेवरून बोंबलत होता, "धरा त्याला, धरा रे भाड्यांनो, आज तो आपला न्हाय!" ते 'आपला न्हाय' ऐकून मी खुर्ची आणखी मागं ओढली. नळदुर्ग जिंकलं. मी दोन्हीकडच्या पोरांना चहा पाजला, आणि सगळ्यांना वाटलं आक्का खूश आहे. नळदुर्ग जिंकल्याचं सुख झालं होतं, तेच मला सहन होत नव्हतं.

जत्रा झाली, देव परत आला, मागोमाग हा आला, पिवळे कपडे चढवले, आणि परत मुरुमला हरवलं आम्ही. इथं सगळं फिसकटलं. कारण ह्या वेळी मुरुमवाल्यांनी हिशोब मांडला, की आधी पिवळ्या कपड्यांत, मग महिन्याभरापूर्वी नळदुर्गच्या काळ्या कपड्यांत, आणि आता परत पिवळ्यात आपल्याला हरवून गेलेला तो हा एकच. तक्रार गेली. एका हंगामात एका खेळाडूला एकच क्लब, असा म्हणे नियम, आणि मोडला तर दोन वर्षं खेळ बंद. अंतिम सामना अणदूर-नळदुर्ग ठरलेला, तो लटकला. ते परवडलं. पण कुलदीपला पुण्याहून राज्याच्या संघाच्या निवडीचं बोलावणं आलं होतं, फोनवर, मला वाचून दाखवलं होतं त्यानं, दोनदा. दोन वर्षं बंद म्हणजे तेही बंद. हा पोरगा दुसरं काही करत नाही, पुस्तकात डोकं नाही, रानात मन नाही. त्याला एवढं एकच येतं. आणि ते माझ्या निवाड्यानं थांबणार. म्हणजे नियमानं थांबणार. नियम काढणाऱ्यांना देवाचा करार माहीत नाही ह्यात माझा काय दोष, हे मी अमरसिंहाला सांगितलं, सुनेला सांगितलं, पायरीवर बसल्या बसल्या स्वतःलाही सांगत होते, आणि दर वेळी रजियाबीची हनुवटी मधे येत होती.

"आई, चल." अमरसिंह आला. आत एक लांब टेबल, त्यामागं तीन माणसं. मधले आण्णासाहेब, सोनारीकडचे, पांढऱ्या मिशांचे, स्पर्धेचे प्रमुख. टेबलाच्या अलीकडं, बाजूला, तक्रार करणारा मुरुम क्लबाचा हणमंतप्पा, आडतीवर बसून बसून पोट सुटलेला, अंगाला तुरीच्या पोत्याचा वास. भिंतीला लागून अक्रम उभा, आणि माझा भाऊ खुर्चीवर. मला पुढची खुर्ची दिली. आण्णासाहेबांनी अमरसिंहाचं ऐकलं, ज्ञानोबाचं ऐकलं, मग माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं. देवाचं, कराराचं, निवाड्याचं. कुणी हसलं नाही, पण त्या तिघांतला टोकाचा तरुण खाली बघत ओठ चावत होता, ते मी बघितलं.

हणमंतप्पा म्हणला, "देवाचं देवापाशी, आक्का. देवाला काय पळायचं हाय का चेंडू घिऊन? खेळाला नियम एकच."

"तुमचं मुरुम हरलं तवा आठवला नियम."

"हरलो म्हणूनच तर आठवला! जिंकलो असतो तर कशाला आठवतोय?"

आता मात्र सगळे हसले, अक्रमसुद्धा. मीच तेवढी हसले नाही.

आण्णासाहेब म्हणले, "हे बघा. पोरानं लबाडीनं केलेलं नाही, हे मला दिसतंय. दोन्ही गावांनी मिळून, सगळ्यांदेखत केलंय. म्हणून एक वाट काढतो. आज, इथं, एक क्लब ठरवा. हंगामभर तो त्याच क्लबाचा धरू. दुसऱ्या क्लबाकडून तो जेवढे सामने खेळला ते रद्द. तो क्लब अंतिम सामन्यातून बाहेर, मुरुम आत. पोराला नुसती ताकीद. पुण्याला जाऊ दे त्याला." हणमंतप्पानं खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं, दोन्हीकडून त्याचंच भलं होतं.

खोलीत सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. हे मला ओळखीचं होतं, हे बघणं. त्या बघण्यात बसून मी इतकी वर्षं काढली. ज्ञानोबाची काठी थांबलेली. अमरसिंहाचा श्वास माझ्या कानामागं. काय म्हणायचं ते ठरलेलंच होतं, अणदूर. मी तिथं मरणार, माझी राख तिथं होणार, माझ्या रानात खांब रोवलेत. ज्ञानोबाला वाईट वाटेल, वाटू दे, मलाही त्या वयात कुणी विचारलं नव्हतं. मी पदर सारखा केला आणि तोंड उघडलं.

"तुम्ही नको, बाई," आण्णासाहेब म्हणले. "त्याला विचारतोय."

बाई! शाळेतल्या पोरीला गप्प बसवावं तसं. मी मागं वळले. कुलदीप दाराशी उभा होता. तो आमच्या मागोमाग आत आलाय हेच मी इतक्या वेळात विसरले होते. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग नाही बघितलं.

"नळदुर्ग," तो म्हणला.

अमरसिंह ओरडला, "काय म्हणलास?"

"नळदुर्ग, आप्पा."

"का?" हे मी विचारलं. माझाच आवाज, पण ओळखू येईना. "काय कमी केलं अणदूरनं तुला? रान दिलं, खांब दिले, पोरं तुज्या पुढं-मागं..."

"तेच की आज्जी." तो खांदा चोळत होता. "अणदूरला मला कुणी पाडतच न्हाय. मी निघालो की समदी बाजूला. पडायचं कसं ते मला तितं शिकायलाच मिळंना. म्हणून तर मुरुमला खांदा गेला. नळदुर्गात रोज पाडत्यात. अक्रमभाई तर सोताच आपटतो. पुण्यात मला वाट कोण देणार हाय? तितं मला पाडणारच." मग म्हणला, "मला तवाच सांगायचं हुतं. पण कुणी इचारलंच न्हाय."

मी अक्रमकडं बघितलं. त्यानं नजर खाली घातली नाही. ज्ञानोबानं डोळे पुसले, म्हातारा झालाय. मला आनंद व्हायला पाहिजे होता. माझं माहेर जिंकलं होतं. मी जिथून निघताना मागं वळून बघू नको म्हणून आईनं मान धरली होती, त्या गावाचं नाव माझा नातू भर सभेत आपण होऊन घेत होता. आणि माझ्या अंगाला आग लागली होती. ह्याला विचारलं, म्हणून ह्यानं सांगितलं. इतकं सोपं. आण्णासाहेबांनी काहीतरी लिहून घेतलं, हणमंतप्पानं हात जोडले, आणि सगळं पाच मिनिटांत झालं.

परतीला जीपमधून निघालो. शांतलिंग गाडी चालवत होता. आमच्या संघात पुढच्या रांगेत रेटायला असतो, मान म्हणजे नांगराचं लाकूड. अमरसिंह त्याच्या शेजारी, दाराकडं तोंड करून. मागं मी आणि कुलदीप, आमच्या मधे त्याची पिशवी. तुळजापूर मागं पडलं. उसाच्या ट्रॉल्या समोरून येत होत्या, त्यांचा गोडसर आंबूस वास गाडीत भरला. सगळ्या अणदूरचा हंगाम गेला, आणि गावात शिरल्यावर पारावरची माणसं काय विचारतील, कुणाला विचारतील, हे मला दिसत होतं. शेवटी मला राहवेना. "शांतलिंग," म्हणलं, "तू एवढा रेडा. तू का धरत न्हवतास त्याला?"

शांतलिंगनं आरशात बघितलं. "आक्का, तुमी लाईनीवर खुर्ची टाकून बसायच्या."

"मग? खुर्ची काय तुज्या तंगड्यात यायची?"

"एकदा धरलं हुतं की. गुडघा फुटला ह्याचा. दुसऱ्या दिवशी तुमी माज्या आयेला निरोप धाडला, पोराला जरा वळण लाव म्हणून."

"आयेला धाडला हुता. तुला न्हवता धाडला."

"आये काय मला सोडती व्हय?" शांतलिंग म्हणला. पलीकडं अमरसिंहाची पाठ हलली. हसत होता का काय करत होता, देव जाणे. कुलदीप खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या कानाच्या मागं मातीची एक रेघ वाळलेली होती. लहानपणी मी तिथंच घासून घासून अंघोळ घालायची. हात पुढं गेला आणि मी तो पिशवीवर ठेवला.

नळदुर्गाला हायवेला लागलो तसा तो म्हणला, "मला हितंच सोडा. पराक्टिस हाय." गाडी थांबली. तो उतरला, खिडकीपाशी आला, काय करावं ते त्याला सुचेना. माझ्या पायाला हात लावायचा तर पाय गाडीत. शांतलिंगनं गिअर टाकला. मी म्हणलं, "थांब. मलाबी उतरायचंय. भावाकडं जाती."

"आई, आत्ता?" अमरसिंह म्हणला.

"मला कुठं जायचं त्येला बी पंचाची शिट्टी लागती का तुज्या?"

ती गाडी गेली. भावाकडं मी गेले नाही. कुलदीप पुढं, मी मागं, तो दर थोड्या वेळानं थांबून मला येऊ द्यायचा, आणि मी दर वेळी चिडून हात करायची, जा, जा. मैदान म्हणजे गावाबाहेरचा एक उघडा माळ, मुरमाड, कडेला बाभळी, लांब किल्ल्याचा बुरूज. ना रोलर फिरवलेला, ना पाणी मारलेलं. पोरं आधीच खेळत होती. अक्रम आमच्या आधी येऊन पोचला होता मोटारसायकलवर, शिट्टी गळ्यात. कुलदीपनं पिशवी टाकली, बूट बांधले, आणि आत गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी मिठी मारली नाही. एकानं चेंडू फेकला त्याच्याकडं, एवढंच. मी रेघेवर उभी राहिले. सवयीनं मागं हात केला, खुर्चीसाठी. मागं कुणी नव्हतं.

कुलदीप चेंडू घेऊन निघाला. समोरून एक काळा, ठेंगणा पोरगा आला, बाजूला झाला नाही. डोकं एका अंगाला घालून त्यानं ह्याच्या मांड्यांना मिठी मारली आणि दोघं मिळून खाली आले, माझ्यापासून चार हातांवर. तोच आवाज. माझा पाय रेघेवरून आत पडला. पण कुलदीप पडताना गोळा झाला, हनुवटी छातीशी, आधी मांडी टेकली, मग कुल्ला, मग खांदा, सावकाश, जसं कुणी झोपलेलं पोर भुईवर ठेवावं, आणि पडता पडता चेंडू मागच्याच्या हातात देऊन मोकळा झाला. खेळ पुढं गेला. तो उठला. तोंडात गेलेली माती थुंकला. मला त्यानं बघितलं का? बघितलं असेल. उभा राहून मागं पळाला, परत रांगेत.

"आत्या," अक्रमनं तिकडूनच हाक दिली. अणदुरात मला आक्का म्हणतात. आत्या मला इथंच म्हणतात. "आत्या, लाईनीच्या मागं सरा. पोरं अंगावर येतील."

मला असं कुणी सांगत नाही. गफारच्या पोरानं, ज्याच्या बापाचं मी नाक पुसलंय त्या पोरानं, हात हलवून, कोंबडी हाकलावी तसं. तोंडात शब्द आले होते. सगळे आले होते. पलीकडून पोरांचा घोळका परत इकडंच वळला होता, धूळ उठली होती, आणि त्यात कुठंतरी तो होता, पाडायला किंवा पडायला येत होता.

मी एक पाऊल मागं सरले.

"अजून थोडं," अक्रम म्हणला.

सरले.